शंभरातील ८२ : वाचायला शिकून विसरलेल्या मुलांचा इतिहास

महाडचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, हे आपल्या कोणत्याही कार्यकर्त्याला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. त्याच्या बरोबर आठ दिवस आधी, १२ मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलायला उभे राहिले होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. तळ्याचे पाणी आणि शाळेतली अक्षरे हे दोन प्रश्न त्यांनी एकाच महिन्यात हाती घेतले. पहिल्याचा वर्धापनदिन आपण दरवर्षी साजरा करतो. दुसरा आपल्या वस्त्यांत अजून तसाच पडून आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

त्या भाषणात बाबासाहेबांनी एक आकडा मांडला. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेच्या खड्ड्यात जाऊन पडतात. आपण हे वाक्य नीट समजून घेतले पाहिजे. ही ८२ मुले शाळेत गेलेली होती. त्यांची नावे हजेरीपटावर होती, त्यांनी पाटीवर अ-आ-इ गिरवले होते. सरकारच्या अहवालात ती ‘शिक्षण घेतलेली’ म्हणून मोजली गेली होती. आणि तरीही काही वर्षांत ती सारे विसरली. म्हणून बाबासाहेबांनी प्राथमिक शिक्षणाचा हेतूच वेगळ्या शब्दांत मांडला: शाळेच्या दारातून आत आलेले मूल साक्षर होऊनच बाहेर पडावे आणि आयुष्यभर साक्षर राहावे. या ‘राहावे’वर आमचा सगळा भर आहे. वाचायला येणे एक आणि वाचते राहणे दुसरे. पहिल्यासाठी शाळा पुरते. दुसऱ्यासाठी शाळेच्या बाहेर काहीतरी लागते, आणि ते आपल्या समाजाला कधी कोणी दिले नाही. आपल्यालाच उभारावे लागले.

त्याच भाषणात त्यांनी सरकारला हिशोब विचारला होता. सरकार माणशी शिक्षणावर १४ आणे खर्च करते आणि दारूवरच्या करातून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते. दारूतून जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर घाला, असे त्यांचे सरळ म्हणणे होते. माध्यमिक शिक्षणाचे आकडे तर अंगावर येणारे होते. पुढारलेल्या हिंदूंमध्ये लाखामागे ३,००० मुले माध्यमिक शाळेत, आणि मागासवर्गीयांमध्ये लाखामागे १४. तीन हजार आणि चौदा! ‘गुणवत्ता’ या शब्दाचे कौतुक करणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावेत.

ही दरी कशी पडली, हे समजायला थोडे मागे जावे लागेल. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला निवेदन देताना बाबासाहेबांनी हे प्रकरण मुद्दाम बाहेर काढले. सरकारी शाळा सर्वांच्या पैशावर चालते, पण एका मुलासाठी बाकीची शाळा ओस पडेल म्हणून त्याला बाहेर ठेवायचे, असा तो न्याय होता. पुढे कायद्याने दार उघडले, तरी मूल बसले कुठे? व्हरांड्यात, दाराशी, घरून आणलेल्या गोणपाटावर. साताऱ्याच्या शाळेत बालभीमालाही असेच वेगळे बसावे लागले.

आपण या अपमानाबद्दल पुष्कळ बोलतो आणि बोललेच पाहिजे. पण वाचनाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय झाला, याचा विचार कमी होतो. मूल वाचायला शिकते ते कोणीतरी त्याचे ऐकते म्हणून. ते धडा मोठ्याने वाचते, अडखळते, गुरुजी थांबवतात, बोट ठेवून शब्द पुन्हा म्हणवून घेतात. ज्या मुलाच्या पाटीला हात लावायला गुरुजी विटाळतात, त्याची चूक कोण दुरुस्त करणार? व्हरांड्यातल्या मुलावर वाचायची पाळी येणार कधी? एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमरावांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा वर्गातल्या मुलांनी फळ्यामागे ठेवलेले आपले डबे उचलायला धाव घेतली. पुढे येण्याची किंमत अशी मोजावी लागली, तर मूल मागच्या भिंतीला टेकून गप्प बसायला शिकते. आजही आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसणारी, कधीच हात वर न करणारी मुले कोणत्या वस्तीतली असतात, हे शिक्षकमित्रांनी प्रामाणिकपणे सांगावे.

जोतीराव फुल्यांनी हे दुखणे फार लवकर ओळखले. १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन दिले, ते केवळ शाळा काढा एवढेच म्हणत नाही. किमान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करा, मोडी आणि बालबोध दोन्ही लिपींचे लिहिणे-वाचणे शिकवा, हिशोब शिकवा, शेतीचे प्राथमिक ज्ञान द्या, आरोग्य आणि नीती शिकवा, असे ते तपशिलात जातात. मोडी का? कारण सावकाराचा कागद आणि कुलकर्ण्याचे दप्तर मोडीत असे. ज्याला छापील पुस्तक वाचता येते पण स्वतःच्या शेताचा कागद वाचता येत नाही, त्याचे शिक्षण झाले असे जोतीरावांनी कधीच मानले नसते. शिक्षक कसा हवा, तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वासला धरायला ज्याला लाज वाटत नाही, असा. म्हणजे ज्या मुलांना शिकवायचे त्यांच्यात मिसळणारा. शिक्षणशास्त्राचे मोठमोठे ग्रंथ नंतर आले. हे शहाणपण आपल्याकडे १८८२ मध्ये कागदावर होते.

आणि त्याआधीची साक्ष तर एका विद्यार्थिनीची आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. चौदा वर्षे म्हणजे आजची आठवी-नववी. शाळेत जेमतेम तीन वर्षे झालेली ही मुलगी धर्माला, राज्यकर्त्यांना, पेशवाईला जाब विचारते. बक्षीस म्हणून खाऊ देऊ केला, तेव्हा आम्हाला खाऊ नको, ग्रंथालय द्या, असे या शाळेतल्या मुलीने सांगितल्याची आठवण चळवळीत आजही सांगितली जाते. मुलांना काय हवे ते मुलांना बरोबर कळते. मोठ्यांना कळत नाही.

संस्थानांकडे पाहिले तर दोन नावे घ्यावीच लागतील. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एका छपराखाली बसवले. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे शिक्षण सुरू केले, १९०६ मध्ये ते सर्व बडोदे संस्थानाला लागू केले आणि मग एक पाऊल पुढे टाकले: १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावून गावोगाव ग्रंथालयांचे जाळे विणले. जिथे ग्रंथालय नव्हते तिथे लाकडी पेट्यांत भरून पुस्तके पाठवली जात. शाळेत शिकलेले अक्षर गावात पुस्तक नसेल तर टिकत नाही, हा त्यामागचा तर्क होता. ब्रिटिश मुंबई इलाख्यात ८२ मुले विसरत होती तेव्हा शेजारच्या संस्थानात पुस्तकांच्या पेट्या फिरत होत्या, हे विसरता कामा नये. पैसा नव्हता हे कारण खोटे आहे.

आता घरातले उदाहरण. बाबासाहेबांच्या वाचनाच्या कथा आपण त्यांच्या लंडनच्या ग्रंथालयापासून सुरू करतो. ती चूक आहे. त्या कथा परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीपासून सुरू व्हायला हव्यात. सुभेदार रामजी मुलांकडून घरी वाचून घेत. मुलाने मागितलेले पुस्तक आणायला हातात पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींकडून दागिना मागून तो गहाण टाकत. खोली एकच, म्हणून मुलाला लवकर झोपवून पहाटे दोनला उठवत. आणि घराबाहेर चर्नी रोडच्या बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर भेटले. शाळेनंतर एकटा बसून वाचणारा हा मुलगा त्यांनी हेरला, त्याला पुस्तके पुरवली. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे की, इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाल्यावर समाजाने सत्काराची सभा भरवली आणि केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. इंग्रजी चौथी! पदवी नाही, बॅरिस्टरी नाही. शाळकरी मुलाच्या हातात योग्य वयात एक पुस्तक पडले आणि १९५६ मध्ये नागपूरला काय झाले ते जगाने पाहिले. पुस्तक देणारा माणूस, मुलाचे वाचन ऐकणारा बाप आणि बसायला जागा, या तिन्हींची त्या मुलाला किती गरज होती, हे बाबासाहेबांना स्वतःच्या अनुभवातून माहीत होते.

म्हणूनच २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांच्या जोडीला वाचनालये आणि अभ्यासवर्ग होते. ४ जानेवारी १९२५ ला सोलापुरात सभेचे वसतिगृह सुरू झाले, ते हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी. तिथल्या मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवले. (नावावर आज आपले काही मित्र भुवया उंचावतील. उंचावू द्या, काळ १९२५ चा आहे आणि मुले ते लिहीत होती, हे महत्त्वाचे.) मुंबईत सभेने मोफत वाचनालय चालवले आणि जोडीला तरुणांसाठी हॉकी क्लब काढला. हॉकी कशाला, असा प्रश्न पडू शकतो. संध्याकाळी पोरगा जुगाराच्या अड्ड्यावर जाण्याऐवजी मैदानावर आला तर तिथून वाचनालयात नेता येतो, हे कार्यकर्त्यांना कळत होते.

१९२७ च्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी शिष्यवृत्तीबद्दल आज अनेकांना खटकेल असे मत मांडले होते. गरीब घरात शिष्यवृत्तीचा पैसा घरखर्चातच जातो, मुलाच्या शिक्षणाला लागत नाही; त्यापेक्षा तोच पैसा वसतिगृहांना द्या, असे ते म्हणाले. शिष्यवृत्ती बंद करा, असा याचा अर्थ आज कोणी काढू नये. थकलेली शिष्यवृत्ती हा आजच्या मुलांवरचा उघड अन्याय आहे. पण त्यामागचा विचार पाहा. वाचणाऱ्या मुलाला पैशाइतकीच जागा लागते, दिवा लागतो, भोवती वाचणारी दुसरी मुले लागतात. १९२८ मध्ये सरकारने माध्यमिक शाळेतल्या अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी पाच वसतिगृहे मंजूर केली, आणि ती चालवायला बाबासाहेबांनी डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ चे सिद्धार्थ, १९५० चे औरंगाबादचे महाविद्यालय, जे मिलिंद म्हणून आपल्याला परिचित आहे. मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेली पोरे तिथल्या वसतिगृहांत राहून वाचायला लागली आणि तिथूनच ‘अस्मितादर्श’ उभे राहिले. दलित साहित्य आकाशातून पडले नाही. ते वसतिगृहाच्या खोलीत आणि ग्रंथालयाच्या बाकावर तयार झाले.

याच्या जोडीला ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ ही पत्रे होती. ज्याला वाचता येई तो वस्तीत मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत. अनेक घरांत हा वाचणारा म्हणजे शाळेत जाणारा पोरगा असे. मोठी माणसे आपल्या तोंडाकडे पाहत आहेत, आपण अडखळलो तर त्यांना बातमी कळणार नाही, ही जबाबदारी बारा वर्षांच्या मुलाला जे शिकवते ते कोणत्याही गृहपाठाने शिकवता येत नाही.

फलटणच्या बेबीताई कांबळे प्राथमिक शाळेच्या फार पुढे गेल्या नव्हत्या. किराणा दुकानात बसून पुड्या बांधायच्या रद्दी पेपरावरचा मजकूर त्या वाचत राहिल्या, मग घरच्यांपासून लपवून वर्षानुवर्षे लिहीत राहिल्या, आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपात आले. अण्णा भाऊ साठे तर दीड दिवसाच्या शाळेचे म्हणून ओळखले जातात. मुंबईत पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचत ते वाचायला शिकले. या उदाहरणांचा आपल्याला अभिमान आहे. पण भाषणांत त्यांचा जो वापर होतो तो आम्हाला मान्य नाही. ‘बघा, रद्दी वाचून लेखिका झाली, पोस्टर वाचून साहित्यिक झाला, मग तुम्हाला काय कमी आहे?’ असे मुलांना सुनावणे म्हणजे त्या ८२ मुलांच्या तोंडावर दार लावणे आहे. बेबीताईंच्या वयाच्या, त्यांच्याच आळीतल्या किती मुली अक्षर विसरून गेल्या, त्यांचे पुस्तक कोणी लिहिले नाही.

आता आजचे पाहू. ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना त्यांच्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला दिला. सुमारे २५ टक्क्यांना तो सफाईने वाचता आला नाही. यातली बहुसंख्य मुले शाळा-कॉलेजात नाव असलेली आहेत. १९२७ चा आकडा आणि हा आकडा एकाच मापाचे नाहीत, त्यामुळे प्रगती झाली की नाही असा बाळबोध हिशोब आम्ही मांडत नाही. पण फरक एक आहे. तेव्हा मुले शाळा सोडून विसरत होती. आता शाळेत बसून मागे राहतात, वरच्या वर्गात ढकलली जातात, आणि दहावीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा घरच्यांना कळते.

मनुवादी व्यवस्थेला हे सोयीचेच आहे. ज्याला परिच्छेद सलग वाचता येत नाही त्याला शिष्यवृत्तीचा अर्ज दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागतो, एफआयआरवर न वाचता सही करावी लागते. बाबासाहेबांच्या नावाने मोबाईलवर फिरणारे खोटे वाक्य त्याला खरे वाटते, कारण मूळ खंड उघडून पडताळायची ताकद त्याच्यात उरलेली नसते. आपल्याच पोरांना आपल्याच बापाच्या नावाने फसवता येते, यापेक्षा मोठा पराभव कोणता?

सरकार काय करते? १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन करते, फोटो काढते, अहवाल वर पाठवते. दुसरीकडे कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याच्या योजना आखते. शाळा लांब गेली की सर्वांत आधी आपल्या आणि आदिवासी, भटक्या समाजातल्या मुली घरी बसतात, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. याविरुद्ध लढले पाहिजेच. पण सरकारला प्रश्न विचारत असताना आपल्या विहारात काय चालले आहे, हाही प्रश्न विचारावा लागेल.

आपल्या वस्त्यांत गेल्या काही वर्षांत अभ्यासिका निघाल्या. चांगली गोष्ट आहे, त्यातून अनेक जण नोकरीला लागले. पण अभ्यासिका म्हणजे आता एमपीएससी आणि पोलीस भरती. मुलगा स्वतःचे पुस्तक घेऊन येतो, खुर्ची अडवतो, गप्प बसतो. सातवीतली पोरे आली तर गोंगाट करतात म्हणून हाकलली जातात. कपाटात महाराष्ट्र शासनाने काढलेले बाबासाहेबांचे खंड असतात, कुलूपबंद. चावी अध्यक्षांकडे, अध्यक्ष कामावर. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर आपला समाज पुस्तके विकत घेतो, याचे साऱ्या महाराष्ट्राला आश्चर्य वाटते. त्या पिशव्यांत बारा वर्षांच्या मुलीला स्वतःहून वाचावेसे वाटेल असे काय असते, हे एकदा पाहावे. फुले आणि मेणबत्त्यांऐवजी एक वही एक पेन आणण्याची मोहीम आपल्या तरुणांनी यशस्वी केली. वही-पेन आले. त्यात उतरायचे शब्द कुठून येणार?

काही मित्र म्हणतील, पोरे इंग्रजी शाळेत घातलीत, मराठी वाचनाचे एवढे काय. बाबासाहेबांनी इंग्रजीचे महत्त्व सांगितले, आम्हीही इंग्रजीच्या बाजूचे आहोत. पण स्वस्तातल्या इंग्रजी शाळेत गाइडमधले उत्तर पाठ करणारे मूल ना इंग्रजी वाचते ना मराठी. एका भाषेत अर्थ लावत वाचायची सवय झाली की ती दुसरीत नेता येते. दोन्हींत नुसते अक्षर ओळखणाऱ्याला काहीच नेता येत नाही. आणि घरात वऱ्हाडी किंवा मराठवाडी बोलणाऱ्या मुलाला ‘अशुद्ध बोलतोस’ म्हणून वर्गात हसणारा शिक्षक हा त्या व्हरांड्याचाच वारसदार आहे.

येत्या जयंतीच्या वर्गणीतून डीजेचे एका रात्रीचे भाडे बाजूला काढले तर सहावी ते दहावीच्या मुलांसाठी एक कपाट भरते. त्याला कुलूप नको. रविवारी वंदनेनंतर तासभर विहार त्या मुलांचा. नववीच्या मुलीने पाचवीच्या मुलाचे ऐकावे, मोठ्यांनी नववीच्या मुलीचे. आठवीतला मुलगा अडखळत असेल तर त्याच्या हातात पहिलीचे बाळबोध पुस्तक देऊन त्याची लाज काढू नये. छोटा पण त्याच्या वयाला शोभेल असा मजकूर द्यावा, आधी आपण वाचून दाखवावा, मग त्याच्याबरोबर, मग त्याने एकट्याने. महिन्यातून एकदा मुलांनी हाताने लिहिलेला अंक भिंतीवर लागावा, सोलापूरच्या मुलांनी शंभर वर्षांपूर्वी मासिक चालवले तसा. आणि पहिल्या रविवारी वाचायला मुक्ता साळवेचा निबंध घ्यावा. तो चौदा वर्षांच्या मुलीने लिहिला आहे, तेव्हा आपल्या चौदा वर्षांच्या मुलांपैकी किती जणांना तो शेवटपर्यंत वाचता येतो, ते कार्यकर्त्यांनी तिथेच बसून ऐकावे.

जय भीम!